खोक्यावर १२००, पोर्ट मात्र १०० चे
खोक्यावर १२०० मेगाबिट असे ठळक छापलेला हा दोन बँडचा राउटर घेतला, तरी वाय-फायवरच्या लॅपटॉपवरून, राउटरला केबलने जोडलेल्या संगणकावर लग्नाचे २० जीबीचे चित्रीकरण पाठवायला अर्धा तास लागत असे. २.४ ऐवजी ५ गिगाहर्ट्झ बँड निवडला, चॅनेल बदलले, राउटर लोखंडी कपाटावरून हलवला. पण वेग सेकंदाला ११ मेगाबाइटच्या पुढे सरकेना. या ठरावीक आकड्यानेच दोष उघड केला: राउटरच्या मागचे लॅन पोर्ट, म्हणजे केबल लावायच्या खाचा, १०० मेगाबिटचे आहेत आणि ८ बिटांचा एक बाइट धरता त्यांतून साडेबारा मेगाबाइटहून अधिक जाऊच शकत नाही. (बारीक अक्षरांत तसे छापले होते, वाचले नाही ते मीच.) आमच्या ४० मेगाबिटच्या इंटरनेट जोडणीला तो पुरेसा आहे, मोठ्या फाइलींसाठी मात्र गिगाबिट (१००० मेगाबिट) पोर्टचाच राउटर घ्यावा लागेल.