बंबाच्या ढलप्यांसाठी घेतलेली छोटी कुऱ्हाड: दिवाळी ते पावसाळा

आमच्या घरी अंघोळीचं पाणी अजून तांब्याच्या बंबात तापतं. बंबाच्या मधल्या नळीत जाड लाकूड जात नाही. अंगठ्याएवढ्या ढलप्या लागतात, आणि त्या रोज लागतात. त्यासाठी गेल्या दिवाळीत लोहाराकडून एक छोटी कुऱ्हाड करून घेतली. कोल्हापूरचा अख्खा पावसाळा तिच्यावर निघाला, म्हणून आता खात्रीनं लिहितो.

पातं ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचं, वजन साधारण ६०० ग्रॅम. दांडा बाभळीचा, हातभर लांब. आमच्या उद्यमनगरात, म्हणजे कोल्हापूरच्या कारखान्यांच्या भागात, ओतकाम बघत वाढलेल्यांना सांगायला नको, पण कुऱ्हाड घडीवच पाहिजे. बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, पातं ठोक्यानं तडकतं.

घेताना बहुतेक जण धारेवर बोट फिरवून बघतात. मी म्हणतो, पात्याची जाडी बघा. फांद्या तोडायच्या कुऱ्हाडीचं पातं पातळ असतं. ते लाकडात खोल शिरतं आणि तिथंच रुतून बसतं. फोडायला धारेपासून मागं झपाट्यानं जाड होत जाणारं पातं हवं. धार नुसती चीर पाडते, लाकूड दुभंगतं ते मागच्या जाडीनं. शेजारच्या काकांनी ऑनलाइन मागवलेली कुऱ्हाड आहे, लोखंडी नळीचा दांडा आणि रबरी मूठ असलेली. झाडाची छाटणी ती झकास करते. जळण फोडताना मात्र दर दोन घावांनी ओढून काढावी लागते, आणि हाताला झिणझिण्या येतात त्या वेगळ्याच. लाकडी दांडा तो हादरा बराच पिऊन टाकतो.

माझी आई साठीच्या पुढची आहे, तीही ही कुऱ्हाड आरामात वापरते. कारण घाव घालावाच लागत नाही. धार लाकडाच्या टोकावर टेकवायची, लाकूड आणि कुऱ्हाड दोन्ही एकत्र उचलून ठोकळ्यावर आपटायची. सरळ रेषेचं लाकूड दोन आपटीत उकलतं. बोटं धारेच्या वाटेत येत नाहीत, हा मोठा फायदा. घाव घालायचाच असेल तर लाकूड ठोकळ्याच्या पलीकडच्या कडेला ठेवा, म्हणजे नेम चुकला तरी पातं ठोकळ्यात बसतं. आखूड दांड्याची कुऱ्हाड उभ्यानं चालवू नका, चुकली तर थेट नडगीवर येते.

लाकडाचं म्हणाल तर सुबाभूळ सगळ्यात सोपी. निलगिरी ओली असतानाच फोडून ठेवावी. वाळली की तिच्या पिळलेल्या रेषा कुणाचं ऐकत नाहीत. बाभळीच्या गाठीला मी हात लावत नाही, ती तशीच चुलीत जाते.

धार अजून चांगली टिकून आहे. अधूनमधून कानस मारतो, वस्तऱ्यासारखी धार इथं लागतच नाही. घेतानाच कानस फिरवून बघा. कानस नुसती घसरत असेल तर पाणी जास्त दिलंय, म्हणजे पोलाद फार कडक झालंय, कडा कपच्यांनी उडेल. लगेच खात असेल तर पोलाद मऊ आहे, धार वळेल. पावसाळ्यात पात्याला गंज चढायला एक रात्र पुरते, म्हणून काम झालं की पुसून खोबरेल तेलाचा हात. दांड्याला जवसाचं तेल. मात्र त्या तेलाचा बोळा चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका, तो आपोआप पेट घेऊ शकतो. पसरून वाळवा.

उन्हाळ्यात दांडा नेढ्यात, म्हणजे पात्याच्या भोकात, थोडा सैल झाला होता. अशा वेळी कुऱ्हाड पाण्यात बुडवून ठेवायची पद्धत आहे, ती मला पटत नाही. लाकूड फुगतं, दबतं, आणि वाळल्यावर आणखी ढिलं पडतं. मी नवी पाचर ठोकली, तेव्हापासून घट्ट आहे.

मोठे ओंडके हिच्यानं फुटणार नाहीत, त्याला मोठी कुऱ्हाड किंवा घण-पाचरच हवी. पातं अडकलं म्हणून मागून हातोडा तर घालूच नका. कडक पोलादाची कपची उडून डोळ्यात जाते.