फ्रातेली सेत्ते: घाई असेल तर घेऊच नका

अकलूज म्हटलं की आपल्याला ऊस आणि लावणी स्पर्धा एवढंच आठवतं, पण तिथेच सांजोव्हेसे नावाचं टस्कनीचं द्राक्ष पिकतं आणि त्यात काबेर्ने सोव्हिन्यों हे दुसरं द्राक्ष मिसळून, फ्रेंच ओकच्या लाकडी पिंपात मुरवून फ्रातेली वायनरीवाले सेत्ते ही रेड वाईन काढतात. सेत्ते म्हणजे इटालियनमध्ये सात. मी पहिल्यांदा ही लोअर परळच्या एका रेस्टॉरंटमध्ये प्यायलो, नाव नको, बाटली बहुतेक किचनजवळच्या शेल्फवरून आलेली, चक्क कोमट, वेटरने उघडली, ओतली, आम्ही वीस मिनिटांत संपवली आणि टॅक्सीत मी बायकोला म्हणालो, एवढ्या पैशात दोन चांगली पापलेटं आली असती.

या वेळी मेहुणा घेऊन आला, रविवारी, मटण होतं म्हणून. मी आधी बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये टाकली, कारण 'रेड वाईन रूम टेम्परेचरला' हे ज्यांनी लिहिलं त्यांची रूम दादरला नव्हती, आपल्याकडे मे महिन्यात घरात बत्तीस डिग्री असतं आणि रेडला सोळा-अठरा पुरतं. बूच काढलं, थोडी थोडी ओतली. मेहुणा एक घोट घेऊन म्हणाला, "भाऊजी, ही तर सुपारी चावल्यासारखी लागतेय." बरोबरच होतं त्याचं. जीभ हिरड्यांना चिकटेल इतकी तुरट, वासाला नुसतं लाकूड. हा तुरटपणा टॅनिनचा, द्राक्षाची सालं, बिया आणि ओक यातून येणारा.

मग अर्धी बाटली पन्ह्याच्या काचेच्या जगमध्ये ओतली (वाईन ओतून ठेवायचं खास भांडं, डिकँटर वगैरे आमच्याकडे नाही, आणि लागतही नाही) आणि अर्धी बाटलीतच उघडी ठेवली. पाऊण तासाने दोन्ही शेजारी शेजारी. बाटलीतली जवळपास तशीच, कारण बाटलीचं तोंड आतून दोन सेंटीमीटरसुद्धा नसतं, तेवढ्यातून हवा लागणार किती, त्यामुळे बूच काढून 'श्वास घेऊ द्या' म्हणणाऱ्यांनी कृपया बसून घ्यावं. जगमधली मात्र वेगळीच वाईन! लाकूड मागे गेलेलं, पुढे पिकलेल्या जांभळासारखा वास, थोडी मिरी. तासाभरात टॅनिन काही गायब होत नाही, मोठा फरक वासातच पडतो, दबलेले वास मोकळे होतात आणि मग तोंडालाही ती मऊ वाटायला लागते. मेहुण्याने दोन्ही ग्लास आलटून पालटून हुंगले आणि विचारलं की जगमध्ये तू काही घातलंस का.

त्या दिवशीच्या मटणाबरोबर मात्र जमलं नाही, मालवणी मसाल्यातल्या मिरचीने तुरटपणा पुन्हा वर आला. मजा आली सोमवारी रात्री. उरलेली वाईन बूच लावून फ्रिजमध्ये होती, अर्धा तास आधी काढली, सोबत कालचा रस्सा न घेता नुसतं साधं चीज आणि ब्रून पाव. माझ्या मते त्या बाटलीतला सगळ्यात भारी ग्लास तो होता, आणि रेस्टॉरंटमध्ये तो कुणाला मिळणारच नाही.

आता यावरून कुणी म्हणेल की ठेवली की चांगलीच होते, तर नाही. नाशिकहून आणलेली एक साधी रेड मी 'जुनी होऊ दे' म्हणून सहा वर्षं माळ्यावर ठेवली होती, पत्र्याखाली. बूच वर आलेलं, रंग विटकरी, चव उकडलेल्या मनुकांची. चूक माझीच, बहुतेक वाईन दोन-चार वर्षांत प्यायच्याच असतात, आणि वर्षानुवर्षं टिकणाऱ्यांनाही गार, अंधारी जागा लागते, गणपतीच्या मखराशेजारची नाही. व्हाईटला हा जगचा प्रयोग सहसा करू नका, थंडावा आणि वास दोन्ही जातात.

सेत्तेला पाचपैकी साडेचार. पहिल्या ग्लासला फक्त तीन. मंगळवारीही ठीक होती, बुधवारी तळाशी अर्धा ग्लास उरलेला, त्याला व्हिनेगरचा वास यायला लागला होता. मी ओतून देणार तेवढ्यात मेहुण्याने त्यात बर्फ आणि लिमका टाकून ती संपवली आणि मी बाल्कनीत जाऊन उभा राहिलो.