दुखापतीतून उठलेला म्हातारा डिफेंडर की प्रॅक्टिस स्क्वॉडमधला पोरगा? डेप्थसाठी कुणाला घ्यायचं

नोव्हेंबर उजाडला की एनएफएलमधल्या (अमेरिकन फुटबॉलची लीग) जवळपास प्रत्येक टीमची एकच बोंब असते, कुणाचा घोटा गेला, कुणाचं हॅमस्ट्रिंग, कुणाचा खांदा, आणि डिफेन्समध्ये आता बदली कोण, म्हणजेच डेप्थ. हाताशी दोन प्रकारचे लोक असतात. एक म्हणजे तेहतीस-पस्तिशीचा नावाजलेला गडी, दोन-चार प्रो बाउल (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंमध्ये निवड), जमलं तर सुपर बाउल म्हणजे फायनल जिंकल्याची एखादी रिंग, आणि टेलिफोन डिरेक्टरीएवढी जाड मेडिकल फाईल. दुसरा प्रॅक्टिस स्क्वॉडमधला, म्हणजे सरावाला ठेवलेल्या राखीव तुकडीतला, तेविशीचा पोरगा, ज्याचं नाव त्याच्या कॉलेजबाहेर कुणी ऐकलेलं नसतं. फॅन लोकांना पहिलाच हवा असतो कारण जर्सी ओळखीची असते. माझं मत आधीच सांगून टाकतो, वयावर अडून बसू नका आणि नावावर तर अजिबात जाऊ नका, तो कुठल्या जागेवर खेळतो आणि त्याचं नेमकं काय दुखावलंय ते बघा. जागा लाईनच्या आतली (समोरच्याला रेटून धरणाऱ्या आडदांड गड्यांची) असेल तर खुशाल म्हातारा घ्या, कॉर्नरबॅकची (बॉल झेलणाऱ्या रिसीव्हरमागे पळणाऱ्याची) असेल तर पोरगा खेळवा, पास रशरचं (बॉल फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर चालून जाणाऱ्याचं) प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे, त्याकडे येतोच.

दोन केसेस शेजारी शेजारी ठेवून बघा म्हणजे मी काय म्हणतोय ते लक्षात येईल. २०२१ साली टँपा बे बकनिअर्सचे कॉर्नरबॅक एकामागून एक जखमी झाले आणि २९ सप्टेंबरला, बुधवारी, त्यांनी रिचर्ड शर्मनला घेतलं. वय ३३, सीझनआधीचा सराव कॅम्प नाही, प्रीसीझनच्या मॅच नाहीत, आणि आदल्या वर्षी पोटरीच्या दुखण्यामुळे तो फक्त ५ मॅच खेळलेला. रविवारी रात्री फॉक्सबरोमध्ये बकनिअर्सचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी पहिल्यांदाच आपल्या जुन्या टीमच्या, पेट्रियट्सच्या, विरुद्ध उतरला ती मॅच, भर पावसात, आणि सही करून चार दिवस झालेला हा माणूस जवळपास प्रत्येक स्नॅपला (बॉल एकदा खेळात आला की एक स्नॅप) मैदानावर. बकनिअर्स १९-१७ जिंकले, सगळे म्हणाले वा काय सौदा केलाय. १४ ऑक्टोबरला फिलाडेल्फियात हॅमस्ट्रिंग गेलं, मग वॉर्म-अपमध्ये पोटरी, मग अकिलीस (टाचेमागचा स्नायूबंध), आणि सीझन संपला तेव्हा हिशोब पुन्हा ५ मॅचचाच. आदल्या वर्षीही ५, या वर्षीही ५. हे काही कपाळावर लिहिलेलं वाचायचं नव्हतं हो, फाईलमध्येच होतं.

आता २०२२ चे फिलाडेल्फिया ईगल्स घ्या. लाईनच्या मधोमध उभ्या राहणाऱ्या जॉर्डन डेव्हिसचा घोटा गेला आणि मधली भिंतच ढासळली. ८-० असलेली टीम १४ नोव्हेंबरला घरच्या मैदानावर वॉशिंग्टनकडून ३२-२१ हरली, वॉशिंग्टनने ४९ वेळा बॉल हातात घेऊन पुढे धाव मारली (हाच रन) आणि ४० मिनिटांच्या वर स्वतःकडे ठेवला. त्यांच्या रनचं सरासरी अंतर काही फार नव्हतं, पण ते थांबतच नव्हतं, तीन यार्ड, चार यार्ड, परत तीन यार्ड, आणि ईगल्सचा ऑफेन्स बाजूला उभा राहून बघतोय. त्याच आठवड्यात जनरल मॅनेजर हॉवी रोझमनने बुधवारी लिनवल जोसेफ (वय ३४) आणि गुरुवारी एनडॅमुकाँग सू (वय ३५) घेतले, दोघंही घरी बसलेले होते. रविवारी इंडियानापोलिसमध्ये दोघंही खेळले, १७-१६ ने मॅच काढली, आणि ती टीम पुढे सुपर बाउलपर्यंत गेली. तिथे कॅन्सस सिटीने ३८-३५ ने हरवलं आणि १५८ यार्ड रनमध्ये काढले हेही खरं, म्हणजे म्हातारे काही जादूगार नव्हते, पण ज्या कामाला बोलावलं ते काम अडीच-तीन महिने निभावलं.

फरक कुठे आहे? कॉर्नरबॅकला उलटं पळत जाऊन, कंबर वळवून, बाविशीच्या रिसीव्हरच्या मागे पूर्ण वेगात सुटायचं असतं आणि तेही प्रत्येक स्नॅपला, दमला म्हणून त्याला बाहेर काढायची सोय फारशी नसते. हॅमस्ट्रिंग आणि पोटरीचं दुखणं असं की एकदा झालं की परत होण्याची शक्यता वाढते, वाढत्या वयात अजूनच वाढते, आणि कॅम्पमध्ये हळूहळू वाढवत नेलेला लोड नसेल तर मग विचारूच नका. याउलट लाईनच्या मधला गडी, म्हणजे डिफेन्सिव्ह टॅकल किंवा नोज टॅकल, २० स्नॅप खेळतो, बाकी वेळ बाकावर ऑक्सिजन घेत बसतो, त्याला फार तर पाच यार्ड जायचंय आणि तिथे उभं राहायचंय. ताकद वेगापेक्षा उशिरा उतरते, आणि हात कुठे ठेवायचा हे तर उतरतच नाही. टीव्हीवर कॅमेरा बॉलमागे धावतो त्यामुळे हे काम दिसत नाही, आणि पुण्या-मुंबईत बसून रात्री साडेअकराला सुरू झालेली मॅच बघणाऱ्याला तर त्यातलं काही दिसायच्या आत डोळा लागतो. अजून एक, सूने इतक्या वर्षांत दुखापतीमुळे एकही मॅच चुकवली नव्हती, सुरुवातीच्या काळात चुकल्या त्या दोन सस्पेन्शनमुळे. म्हणजे ईगल्सने वय विकत घेतलं पण मोडलेलं शरीर नाही.

पण मग शर्मनचंच २०१८ काय, असं कुणी विचारेल आणि बरोबरच विचारेल. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याचा अकिलीस तुटला, सिएटलने सोडलं, मार्च २०१८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने घेतला, करार त्याने स्वतःच बसून केला आणि त्यात बरेचसे पैसे खेळलास तर मिळतील या अटीवर. २०१९ मध्ये तो प्रो बाउलसाठी निवडला गेला, टीम सुपर बाउलला गेली. तोच माणूस, तीच जागा, पण त्या वेळी वय ३० च्या आसपास होतं, दुखणं एकच आणि मोठं होतं, आणि बरं व्हायला सप्टेंबरपर्यंत सहा महिने हातात होते. एकदाच तुटून नीट शिवलेलं चालतं, सारखं कुरकुरणारं चालत नाही. फाईल वाचताना मी तरी मोठ्या सर्जरीला कमी घाबरतो आणि "पोटरी, दोन आठवडे", "पोटरी, तीन आठवडे" अशा ओळी लागोपाठ दिसल्या की जास्त.

पास रशरचं वेगळं. टेरेल सग्ज २०१२ मध्ये अकिलीस तुटून त्याच सीझनला परत आला, २०१५ च्या पहिल्याच मॅचमध्ये पुन्हा अकिलीस गेला, तरी २०१६ मध्ये ८ आणि २०१७ मध्ये ११ सॅक (क्वार्टरबॅकला बॉल फेकण्याआधीच पाडणं) काढले. डिसेंबर २०१९ मध्ये ॲरिझोनाने सोडलं तेव्हा कॅन्सस सिटीने ३७ व्या वर्षी त्याला उचललं आणि दीड महिन्यात रिंग घालून तो मोकळा. ड्वाइट फ्रीनीने २०१५ मध्ये ऑक्टोबरात ॲरिझोनात येऊन ११ मॅचमध्ये ८ सॅक काढले, वय ३५. या लोकांना दर मॅचला साठ स्नॅप द्यायचे नसतात, थर्ड डाऊनला, म्हणजे समोरचा बहुतेक बॉल फेकणार अशा तिसऱ्या प्रयत्नाला, सोडायचं, एक-दोन मूव्ह पक्क्या असतात तेवढ्या वापरायच्या. दुसऱ्या बाजूला व्हॉन मिलर. बफेलोने मार्च २०२२ मध्ये ६ वर्षांचा १२ कोटी डॉलरचा करार दिला, ११ मॅचमध्ये ८ सॅक आले, थँक्सगिव्हिंगला डेट्रॉइटमध्ये गुडघ्याचं एसीएल गेलं, आणि २०२३ मध्ये १२ मॅच खेळून सॅक शून्य. माणूस वाईट नव्हता, पैसे मागच्या कामाचे दिले होते. फ्रीनीसारखा करायचा व्यवहार मिलरसारखा केला की असं होतं, आणि हा डेप्थसाठी माणूस घेण्याचा प्रकारच नव्हता म्हणा.

सेफ्टीबद्दल (सगळ्यात मागे उभा राहणारा डिफेंडर) फार लिहीत नाही, कारण तिथे डोकं जास्त चालतं. एरिक वेडल दोन सीझन घरी बसून जानेवारी २०२२ मध्ये थेट प्लेऑफसाठी रॅम्सच्या प्रॅक्टिस स्क्वॉडवर आला, ३७ वर्षांचा, सुपर बाउलमध्ये छातीचा स्नायू फाटला तरी खेळत राहिला आणि जिंकला. पण घरी बसण्याआधी तो रॅम्सकडूनच खेळला होता, टीम ओळखीची होती. आपल्या टीमकडून कधीच न खेळलेला म्हातारा सेफ्टी घेणार असाल तर हे उदाहरण देऊ नका.

आता पोरग्याची बाजू, कारण त्याच्यावर नेहमी अन्याय होतो. फेब्रुवारी २०१५ च्या सुपर बाउलमध्ये सिएटलचा पास एक यार्डवर मधेच पकडणारा (इंटरसेप्शन) पेट्रियट्सचा माल्कम बटलर हा ड्राफ्टमध्ये (कॉलेजच्या खेळाडूंच्या निवडीत) कुणीच न घेतलेला रूकी, म्हणजे पहिल्याच वर्षाचा खेळाडू होता, बदली यादीत (डेप्थ चार्टवर) खाली कुठेतरी. प्रॅक्टिसमध्ये तोच प्ले त्याच्यावर चालवला होता तेव्हा तो उशिरा पोचला आणि टचडाऊन खाल्ला, म्हणून मॅचमध्ये ती रचना दिसताच सुटला. गंमत बघा, ते शक्य झालं कारण शेजारी ३० वर्षांच्या ब्रँडन ब्राउनरने सिएटलच्या कर्सला लाईनवरच छातीवर हात देऊन अडवून धरलं. ब्राउनर स्वतः आदल्या वर्षापर्यंत सिएटलचाच. म्हणजे अनुभवी माणूस लागतोच, पण तो सीझन सुरू होण्याआधीच टीममध्ये आला होता, डिसेंबरात आणून बसवलेला नव्हता. आणि पोरग्याला प्रॅक्टिसचे जे रेप्स (पाळ्या) मिळाले ते तुम्ही म्हाताऱ्याला दिलेत तर पोरगा तयार कधी होणार.

शिवाय स्पेशल टीम्स, म्हणजे बॉलला लाथ मारायच्या खेळींसाठीची तुकडी. मॅचच्या दिवशी रोस्टरवरच्या (टीमच्या मुख्य यादीतल्या) ५३ पैकी ४७-४८ लोकच कपडे घालतात, आणि डेप्थमधल्या कॉर्नर किंवा लाईनबॅकरचं निम्मं काम किकऑफ आणि पंटवर पळणं हे असतं. ३४ वर्षांच्या प्रो बाउलवाल्याला तुम्ही पंट कव्हरेजला पळवणार आहात का? नसाल तर त्याच्यासाठी अजून एक जागा जळते, आणि ही गोष्ट तुलना करताना लोक हमखास विसरतात. नोज टॅकलकडून मात्र ही अपेक्षा कुणीच करत नाही, म्हणून परत तोच निष्कर्ष.

पैशाचं गणित लोकांना वाटतं तेवढं म्हाताऱ्याच्या विरोधात नाही. २०२४ चे आकडे घ्या, ७ किंवा जास्त सीझन झालेल्याचा किमान पगार १२ लाख १० हजार डॉलर, पण एका वर्षाच्या किमान करारावर कॅपमध्ये (टीमच्या एकूण पगारावरची मर्यादा) धरले जातात ९ लाख ८५ हजारच, उरलेलं लीग सांभाळते. रूकीचा किमान ७ लाख ९५ हजार. म्हणजे कॅपवर फरक दोन लाखांच्या आसपास, त्यासाठी भांडण्यात अर्थ नाही. खरी भानगड गॅरंटीची. चार सीझन झालेला खेळाडू पहिल्या आठवड्याला रोस्टरवर असेल तर वर्षाचा पगार त्याचा झालाच असं समजा, म्हणूनच सगळ्या टीम्स दुसऱ्या आठवड्याची वाट बघत बसतात. तुम्हीही बघा. किंवा सरळ प्रॅक्टिस स्क्वॉडवर घ्या, तिथे कितीही वर्षं झालेले सहा जण ठेवता येतात, २०२४ मध्ये अशांना आठवड्याला १६,८०० ते २१,३०० डॉलर, आणि तीन वेळा मॅचसाठी वर आणता येतं, त्यानंतर मात्र ५३ मध्ये घ्यावं लागतं. तीन मॅचमध्ये शरीर काय बोलतंय ते कळतं.

ज्याला जागा करून देण्यासाठी पोरग्याला कापावं लागणार असेल तिथे दहा वेळा विचार करा. चार सीझन झालेला म्हातारा ट्रेडची (खेळाडूंच्या अदलाबदलीची) डेडलाईन होईपर्यंत वेव्हर्समधून (सोडलेल्या खेळाडूवर इतर टीम्स आधी हक्क सांगतात ती यादी) जात नाही, त्याला सोडून परत बोलावता येतं. पोरगा मात्र वेव्हर्सवर जातो, कुणीतरी उचलतो, आणि तीन आठवड्यांनी म्हाताऱ्याचं हॅमस्ट्रिंग गेलं की गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं.

ट्रेड हा तिसरा मार्ग आहे, रॅम्सने २०२१ मध्ये मिलरसाठी दुसऱ्या आणि तिसऱ्या राउंडचे पिक (ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडायचे हक्क) दिले आणि सुपर बाउलमध्ये त्याने २ सॅक काढून पैसे वसूल केले, पण तो स्टार्टर आणायचा रस्ता, बाकावरचा माणूस आणायला कुणी पिक देऊ नये.

तर घ्यायचंच ठरलं असेल तर करारात गॅरंटी जवळपास नको, प्रत्येक मॅचला ॲक्टिव्ह राहिलास तर बोनस अशी रचना ठेवा. आदल्या वर्षी ज्या मॅच तो दुखापतीमुळे खेळला नाही तितक्या मॅचचा बोनस या वर्षीच्या कॅपमध्ये आधी धरावा लागत नाही, हा जखमी माणूस घेण्याचा एकमेव आर्थिक फायदा. स्प्लिट करार मिळाला तर उत्तम, म्हणजे इंज्युर्ड रिझर्व्हवर (जखमींच्या यादीत) गेला तर पगार कमी, पण मोठ्या नावाचा एजंट सहसा कबूल होत नाही. वर्कआउट शक्यतो मंगळवारी घ्या, नुसतं चाळीस यार्ड पळवू नका, कॉर्नर असेल तर उलटं पळून दोन्ही बाजूंना वळवा, लाईनमन असेल तर स्लेडवर (रेटायच्या जड गाड्यावर) घाला आणि एका पायावर जोर देताना चेहरा बघा. त्याला रात्री हॉटेलमध्ये ठेवा आणि बुधवारी सकाळी डॉक्टरांकडून गुडघा, घोटा, पोटरी परत तपासून घ्या, सूज आली असेल तर विमानाचं तिकीट काढून द्या आणि प्रॅक्टिस स्क्वॉडमधल्या पोरग्याला वर आणा.