टेस्टएनजीची एक्सएमएल सूट फाइल: काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

टेस्टएनजी हे जावामध्ये ऑटोमेटेड टेस्ट चालवणारं फ्रेमवर्क, आणि सूट फाइल म्हणजे त्याने काय चालवायचं याची यादी. कोणत्या टेस्ट चालवायच्या हे जावा कोडला हात न लावता ठरवता येतं, हा या फाइलचा खरा फायदा. स्मोकची (मुख्य गोष्टी चालतात का हे झटपट पाहणाऱ्या टेस्टची) एक, प्रत्येक मॉड्यूलची एक आणि रात्रीच्या रनसाठी त्या सगळ्यांना ‘सूट-फाइल्स’ टॅगने जोडणारी एक, एवढी मांडणी पुरते. एकाच फाइलमध्ये सगळे क्लास कोंबून नको ते कॉमेंट करणं पहिल्या दिवसापासून टाळा. कॉमेंट केलेला क्लास परत सुरू करायचा राहून जातो आणि रिपोर्ट मात्र हिरवाच दिसतो.

नवख्याचा पहिला गोंधळ ‘टेस्ट’ टॅगवर होतो. तो टॅग म्हणजे एक टेस्ट मेथड नव्हे, क्लासेसचा गट. त्यामुळे ‘बिफोरटेस्ट’ हे अ‍ॅनोटेशन लावलेली तयारीची मेथड त्या टॅगसाठी एकदाच चालते. प्रत्येक टेस्टआधी ताजं लॉगिन हवं असेल तर ‘बिफोरमेथड’च लागतं.

सगळ्यात जास्त वेळ खातात ते ग्रुप्स, म्हणजे टेस्ट मेथड्सना कोडमध्ये लावलेली लेबलं. फाइलमध्ये फक्त ‘स्मोक’ ग्रुप इन्क्लूड केला, की तो ग्रुप न लावलेली ‘बिफोरमेथड’सुद्धा गाळली जाते. ब्राउझर उघडायचं काम त्याच मेथडमध्ये असेल तर तो उघडतच नाही आणि टेस्टच्या पहिल्याच ओळीवर नल पॉइंटर एक्सेप्शन येतं. तीच टेस्ट आयडीईमधून (कोड लिहायच्या एडिटरमधून) एकटी चालवली तर पास होते, म्हणून शोध भलतीकडेच जातो. उपाय एका शब्दाचा आहे: बेस क्लासमधल्या सेटअप आणि टिअरडाउन मेथड्सना ‘ऑलवेजरन’ ट्रू करा.

पॅरलल रन (एकाच वेळी अनेक टेस्ट) झकास चालतो, पण आकडे नीट समजून घ्या. ‘थ्रेड-काउंट’ (एकाच वेळी किती थ्रेड चालवायचे) दिला नाही तर 5 धरला जातो. डेटा प्रोव्हायडर (एकाच टेस्टला डेटाच्या अनेक रो पुरवणारी मेथड) पॅरलल केला असेल तर त्याचा थ्रेडचा पूल वेगळा, आणि त्याचा डिफॉल्ट 10. म्हणजे ‘थ्रेड-काउंट’ 3 ठेवूनही मशीनवर 10 ब्राउझर उघडू शकतात, मेमरी संपते आणि टाइमआउटची रांग लागते. ‘डेटा-प्रोव्हायडर-थ्रेड-काउंट’ सूट टॅगमध्येच लिहून टाका. ‘मेथड्स’ पातळीवर पॅरलल करायचं तर ड्रायव्हर (ब्राउझर चालवणारा ऑब्जेक्ट) थ्रेडलोकलमध्ये, म्हणजे प्रत्येक थ्रेडचा वेगळा, हवा, नाहीतर एक टेस्ट दुसरीचं पेज बंद करते. जुनं स्टॅटिक ड्रायव्हरवालं कोड असेल तर आधी ते सुधारा, मगच पॅरललच्या वाटेला जा.

मेव्हन या जावाच्या बिल्ड टूलशी जोडताना सूट फाइलचं नाव पॉममध्ये (मेव्हनच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) थेट लिहू नका. तसं लिहिलं की कमांडवरून शुअरफायरची (मेव्हनमधून टेस्ट चालवणाऱ्या प्लगइनची) सूट फाइलची प्रॉपर्टी देऊनही पॉममधलीच फाइल चालते. पॉममध्ये स्वतःची एक प्रॉपर्टी ठेवा, तिला स्मोकचा डिफॉल्ट द्या, आणि सीआयमध्ये (कोड आपोआप बिल्ड करून तपासणाऱ्या यंत्रणेत) कमांडवर ‘वजा डी’ (-D) ने हवी ती फाइल पाठवा.

फेल झालेल्यांची ‘टेस्टएनजी-फेल्ड’ फाइल आपोआप तयार होते, ही सोय मनापासून आवडली. मात्र डेटा प्रोव्हायडरच्या फेल झालेल्या रो त्यात क्रमांकाने नोंदवल्या जातात. डेटाचा क्रम दर रनला बदलत असेल तर रीरनमध्ये भलतीच रो तपासली जाते.

क्लासचं नाव चुकलं तर टेस्टएनजी लगेच एरर देतं, ग्रुपचं चुकलं तर काहीच बोलत नाही. रन झालेल्या टेस्ट 0 दिसतात, आणि फेल एकही नाही म्हणून तेही चालून जातं. सीआयमध्ये रन झालेल्या टेस्टचा आकडा तपासणारी एक स्टेप घाला, ठरलेल्या संख्येपेक्षा कमी आला तर बिल्ड पाडणारी.