सात लाखांचं हेवी डिपॉझिट आणि रजिस्टरमधलं 'भा.'

भाड्याच्या घरात मी किती रकमेला फसलो तो आकडा आधी सांगून टाकतो, कारण तो सांगायलाच मला सहा महिने लागले. 7,00,000 रुपये. वर दलालाचे 20,000. त्यात मोडलेली एफडी 2,90,000, बायकोच्या पाटल्या-बांगड्या गहाण ठेवून आलेले 2,00,000, आधीच्या घराचं परत मिळालेलं डिपॉझिट 1,10,000 आणि मेहुण्याकडून घेतलेले 1,20,000. मेहुण्याकडे आता दिवाळीलाही जात नाही मी.

हेवी डिपॉझिट काय असतं ते मुंबईकडे राहणाऱ्यांना सांगायला नको. एकरकमी मोठी रक्कम द्यायची, भाडं शून्य, घर सोडताना रक्कम परत. ठाण्याच्या पलीकडे सेंट्रल लाइनवर आमच्या भागात अशी शेकडो घरं चालतात, आणि बरीचशी नीट चालतात. म्हणूनच मला त्यात वावगं वाटलं नाही. पंधरा वर्षं अकाउंट्समध्ये आहे. लोकांच्या व्हाउचरवर सही नसेल तर परत पाठवतो. मी बावळट नाही, हे आधीच सांगतो, कारण हे वाचून पहिली प्रतिक्रिया तीच येणार आहे.

जुन्या मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, 31 मेपर्यंत घर रिकामं करा म्हणाला. जूनमध्ये मुलीची शाळा, आईला गुडघ्यामुळे लिफ्ट हवी. त्यात दलाल हा वन बीएचके घेऊन आला. तिसरा मजला, स्टेशन चालत बारा मिनिटं. 'मालक' पस्तिशीचा, मला दादा, बायकोला वहिनी. बँकेचं कर्ज एकरकमी फेडायचंय म्हणून पैसे हवेत, नाहीतर या घराला महिना 22,000 सहज येतात, असं तोच म्हणाला. आणि इथंच माझ्यातल्या अकाउंटंटनं कॅल्क्युलेटर काढायला हवा होता. सात लाखांवर सात टक्क्यांनी वर्षाचं व्याज होतं 49,000. भाडं होतं 2,64,000. वर्षाला दोन लाख पंधरा हजार सोडून देणारा माणूस माझ्यावर एवढा का मेहेरबान? मी उलटा हिशोब मांडला: माझे 2,64,000 वाचणार.

लाइट बिल वेगळ्याच नावाचं निघालं. "मामांचा फ्लॅट, माझ्या नावावर व्हायचाय," म्हणाला आणि मामांनी व्यवहाराचे अधिकार दिल्याच्या कागदाची, पॉवर ऑफ अॅटर्नीची, झेरॉक्स दाखवली. मूळ कागद बँकेत. बँकेत कुठल्या, ते मी विचारलं नाही.

पण मला रात्री झोपेतून उठवतं ते हे नाही. घर बघायला गेलो तेव्हा गेटवर वॉचमनकाकांनी रजिस्टर पुढं केलं. नाव, वेळ, मोबाइल, कुणाकडे. आमच्या आधी दुपारी त्या फ्लॅटला गॅस सिलिंडरवाला येऊन गेला होता. त्या ओळीत फ्लॅट नंबर, पुढं आमच्या 'मालका'चं आडनाव आणि त्यापुढं निळ्या पेनानं बारीक 'भा.' लिहिलेलं. वरच्या ओळीतल्या दुसऱ्या फ्लॅटपुढं 'मा.' होतं. मा. म्हणजे मालक, भा. म्हणजे भाडेकरू. हे न कळायला मी काय परग्रहावरून आलोय? मी ते वाचलं. नक्की वाचलं, कारण तो 'भा' कापल्यासारखा अर्धवट होता आणि मला वाटलं, काकांचं पेन संपत आलंय. त्याच्याच खालच्या ओळीत मी सही केली आणि लिफ्टकडे गेलो. पाच सेकंद थांबून "काका, हे भा. काय?" एवढंच विचारायचं होतं. सात लाखांचा प्रश्न होता तो.

करारही असाच. "रजिस्ट्रेशनला वीस-पंचवीस हजार जातात दादा, नोटरी करू." पाचशेच्या स्टँप पेपरवर नोटरी झाली, 800 रुपयांत. नंतर मी हिशोब काढला. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे अशा अकरा महिन्यांच्या भाडेकरारावर, मुद्रांक शुल्क पाव टक्का, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरून त्या रकमेवर. म्हणजे सात लाख, अकरा महिने: 160 रुपयांच्या आसपास. शहरात नोंदणी फी 1,000. एजंटचे वर हजार-दोन हजार धरा. वीस हजारांचा आकडा मी पडताळलाच नाही. आणि ऑनलाइन नोंदणीत मालकाचा आधारवर अंगठा लागतो, हे त्याला पक्कं माहीत होतं. जो अंगठा लावायला का-कू करतो त्याला चहा पाजून परत पाठवा.

टोकन 21,000 गूगल पेने, 3,00,000 आरटीजीएस, 2,50,000 चेक. उरलेले 1,29,000 रोख मागितले, त्याच्या डायनिंग टेबलावर पाचशेच्या 258 नोटा मी दोनदा मोजून दिल्या. त्याची पावती नाही. रोख देऊ नका. दिलीत तर तिथंच सही घ्या, लाजू नका.

ऑक्टोबरमध्ये दुपारी बेल वाजली. बायकोनं दार उघडलं, समोर साठीचे गृहस्थ, नाशिकहून आलेले. ते म्हणाले, "वहिनी, तुम्ही कोण?" घर त्यांचं होतं. त्यांच्या हातात नोंदणी केलेला करार होता: आमच्या माणसाला जानेवारीपासून अकरा महिन्यांसाठी दिलेलं घर, भाडं 22,000, डिपॉझिट 75,000. पठ्ठ्यानं आम्हाला घरात घेतल्यावर दोन महिने त्यांना भाडं वेळेवर पाठवलं, म्हणजे वास येऊ नये. माझ्याच पैशांतून 44,000. मग बंद. त्यांनी तीन महिने डिपॉझिटमधून वळते केले आणि फोन लागेना तेव्हा गाडी पकडून आले.

तो करार नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्चमध्ये, इंडेक्स टू म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा म्हणून, कुणालाही दिसतो. मी तो नंतर काढला. अर्धा तास लागला.

वकिलानं पाऊण तासाचे 3,000 घेतले. म्हणाला, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55: करार लेखी आणि नोंदलेलाच हवा, नोंदवायची जबाबदारी मालकाची, नाही नोंदवला तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात. मी खुर्चीत सरसावून बसलो. तो पुढं म्हणाला, "हे सगळं मालकाविरुद्ध. तुमच्यासमोर मालक होताच कुठं?" सोसायटीनं पाणी बंद करायची धमकी दिली होती, त्यावर कलम 29 आहे: मालकाला भाडेकरूचं पाणी-वीज तोडता येत नाही. पण मी त्यांचा भाडेकरू नाही. पोटभाडेकरू म्हणावं, तर मालकाच्या संमतीशिवाय पोटभाडेकरू ठेवायला कलम 26 ची मनाई. माझ्यासाठी कायद्यात शब्दच नव्हता. नाशिकच्या काकांनी नोव्हेंबरअखेरपर्यंत राहू दिलं, तो त्यांचा मोठेपणा. त्यांच्यावर माझा राग नाही.

राग आहे तो पुढच्यांवर. पोलीस ठाण्यात पहिलं वाक्य: "हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा." दुसरं: "शिकलेले दिसता, कागद न बघता पैसे दिलेच कसे?" हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारतो, त्यासाठी मला सरकारी माणूस नको. दुसऱ्याचं घर आपलं म्हणून दाखवून पैसे घेणं ही सरळ फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम 318. मी कलम सांगितल्यावर साहेबांचा चेहरा आणखी कडू झाला. मग, चेक वटला त्या बँकेची शाखा दुसऱ्या हद्दीत, तिकडे जा. तिकडचे म्हणाले, घर कुठं आहे? तिथं जा. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन केला, तर पैसे तुम्हीच राजीखुशीनं पाठवलेत, हे सायबर नाही. बँकेत त्याच्या खात्यावर 1,140 रुपये शिल्लक, तेही 'सांगता येत नाही' म्हणत सांगितले. नोंदणी कार्यालयात, आमच्याकडे तुमचा दस्तच नाही तर आमचा काय संबंध. सोसायटीचे सेक्रेटरी: "आम्हाला विचारलं होतंत का?" नव्हतं विचारलं, कबूल. पण पाच महिने माझ्याकडे कराराची प्रत आणि पोलिसांकडच्या भाडेकरू नोंदीची पोच न मागता गाडीच्या पार्किंगचे 500 बरोबर वसूल करत होतात की!

वरिष्ठांकडे टपालानं अर्ज केला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: पुढील कार्यवाहीसाठी वर्ग. कुठं? त्याच ठाण्यात, त्याच साहेबांकडे. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या, नाहीतर तुमचा अर्ज कधी आलाच नव्हता असं होतं. माझा एक असाच गायब झाला.

गुन्हा 82 दिवसांनी नोंदला, तोही याच फ्लॅटचं टोकन दिलेली आणखी दोन कुटुंबं सापडली म्हणून. एकानं 51,000, दुसऱ्यानं 25,000. एफआयआरमध्ये माझी रक्कम 5,71,000. रोखीची 1,29,000 'पुराव्याअभावी' बाहेर.

घर बघायला जाल तेव्हा दलालाला खाली उभं करून सेक्रेटरीला एकट्यानं भेटा. मालमत्ता कराची पावती, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, लाइट बिल, तिन्हींवर एकच नाव हवं, आणि ते नाव समोर बसलेल्या माणसाच्या आधारवर हवं. मामा, आत्या, परदेशातला भाऊ यांना व्हिडिओ कॉलवर नाही, प्रत्यक्ष बोलवा. दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट नको, असं केंद्रानं 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात म्हटलंय, पण तो राज्यांनी घ्यायचा असतो आणि आपल्याकडे लागू नाही. तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका.

आणि 'मामांचा फ्लॅट' ऐकून तुम्हीही टोकन दिलं असेल, तर लाज गिळून लेखी तक्रार द्या. एकट्याची तक्रार दिवाणी असते, तिघांची फौजदारी होते, एवढं मला कळलंय.

मला मंगळवारी पुन्हा बोलावलंय. मूळ कागद घेऊन या म्हणाले. चौथ्यांदा.