स्टर्जिसचे मोटारसायकल संग्रहालय: ऑगस्ट टाळून पाहावे

अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात, रॅपिड सिटीपासून सुमारे ४५ किलोमीटरवर, सातेक हजार वस्तीचे स्टर्जिस हे गाव आहे. ऑगस्टमधील मोटारसायकल रॅलीला तेथे लाखोंची गर्दी लोटते. २०१५ च्या पंचाहत्तराव्या रॅलीला सात लाखांहून अधिक लोक आल्याचा अंदाज होता. आम्ही मात्र सप्टेंबरमध्ये गेलो, तेही नाइलाजाने, कारण परिसरातील एका लॉजने आरक्षण घेऊनही रॅलीच्या तोंडावर दुप्पट भाडे मागितले. झाले ते बरेच झाले, कारण हे संग्रहालय निवांतपणे पाहण्याजोगे आहे.

रॅलीचा उगम एका दुकानदाराच्या हौसेत आहे. क्लॅरन्स होएल, ज्यांना सगळे 'पॅपी' म्हणत, यांचा मूळ धंदा बर्फाचा. घरोघरी फ्रिज येऊ लागल्यावर तो बसत गेला आणि १९३६ मध्ये त्यांनी 'इंडियन' मोटारसायकलींची एजन्सी घेऊन त्याच वर्षी 'जॅकपाइन जिप्सीज' हा क्लब काढला. १४ ऑगस्ट १९३८ रोजी या क्लबने भरवलेल्या पहिल्या शर्यतीत अवघे नऊ स्वार होते. आलेल्यांच्या खाण्यापिण्याचे होएल यांच्या पत्नी पर्ल पाहत. महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग आल्याने १९४२ मध्ये खंड पडला. आज बाहेर दिसणारा जल्लोष पाहून हे सारे शर्यतीसाठी सुरू झाले असेल, असे वाटतही नाही.

'इंडियन' या नावाचा आपल्याशी काही संबंध नाही, हे मला टाकीवरचे पिसांचा टोप घातलेले मूळनिवासी शिर दाखवून मुलाला समजावावे लागले. त्या जुन्या गाड्यांपाशी मी सर्वांत जास्त रेंगाळलो. टाकीलगत गिअरचा दांडा, डाव्या पायाखाली क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटर चक्क डाव्या मुठीत. आयुष्यभर बुलेट चालवलेल्या माणसालाही ही गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेता येणार नाही.

सन्मानितांचे दालन अमेरिकी मोटारसायकल जगतातील नावे माहीत असणाऱ्यालाच रंगेल. आम्ही तेथून लवकर निघालो. बऱ्याच गाड्या मालकांनी प्रदर्शनापुरत्या दिलेल्या असल्याने मांडणी बदलत राहते, तेव्हा एखादी विशिष्ट गाडी पाहायची असल्यास आधी फोन करून विचारावे. दोन तास हाताशी ठेवावेत, आणि जुन्या इंडियनसाठी थोडे अधिक.