अलास्का हायवे की कॅसियार? आधी टाकी, मग नकाशा

कॅनडात व्हँकुवरकडून आरव्ही (राहायची सोय असलेली मोटरहोम) घेऊन उत्तरेच्या युकॉन प्रदेशाला निघालं की प्रिन्स जॉर्जला फाटा लागतो. महामार्ग ९७ ने सरळ वर जाऊन डॉसन क्रीकला अलास्का हायवे धरायचा, की डावीकडे महामार्ग १६ ने किटवांगा गाठून तिथून स्टुअर्ट-कॅसियार, म्हणजे महामार्ग ३७, पकडायचा? दोन्ही रस्ते वर वॉटसन लेकच्या आसपास पुन्हा एकत्र येतात. विचारणारे विचारतात की देखावे कुठे चांगले, अस्वलं कुठे दिसतात. माझा प्रश्न वेगळा असतो: तिसऱ्या दिवशी संडासाची टाकी कुठे रिकामी करणार? लोक हसतात. आम्हीही हसलो होतो.

दोन्ही रस्त्यांनी आम्ही एकेकदा गेलो. एकदा नवरा-बायको दोघंच आणि एकदा सांगलीहून आलेल्या आई-बाबांना घेऊन चौघं. या दोन फेऱ्यांत जे कळलं ते असं की उत्तरेत किलोमीटर मोजून उपयोग नाही, रात्री मोजायच्या. दोन सानी-डम्पच्या (सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करायच्या जागांच्या) मध्ये किती मुक्काम पडतात, यावर रस्ता ठरवायचा.

टाकीचं गणित, आपल्या घरातलं

भाड्याच्या मध्यम मोटरहोममध्ये साधारण तीन टाक्या असतात. चांगल्या पाण्याची दीडशे लिटरच्या आसपास, मोरीच्या पाण्याची (ग्रे) सव्वाशेच्या आसपास आणि संडासाची (ब्लॅक) शंभर-सव्वाशे लिटरची. गाडीप्रमाणे आकडे बदलतात, म्हणून ताब्यात घेतानाच विचारून कागदावर लिहून ठेवा.

तिथली माहितीपत्रकं सांगतात की चार माणसांना ब्लॅक टाकी तीन-चार दिवस सहज पुरते. ही चार माणसं टिशू पेपरवाली. आपण पाण्याने धुणारे. एका वेळेला फ्लशचं दीड लिटर धरलं आणि वर मगातलं लिटरभर, तर चौघांचं दिवसाला पन्नास-साठ लिटर होतं. म्हणजे दोन दिवसांत टाकी गळ्याशी. आम्ही तो मग काढून टाकला आणि बारीक तोंडाची पिळायची बाटली ठेवली. बाबांनी दोन दिवस तोंड वाकडं केलं, मग तेच बाटली भरून ठेवायला लागले. दिवसा वाटेतली विश्रांतीस्थळं आणि कॅम्पग्राउंडचे खड्ड्याचे संडास वापरले, तर हीच टाकी पाच दिवस जाते.

पण खरी घाई करते ती ग्रे टाकी. कुकर, तेलकट कढई, वरण लागलेली भांडी आणि चौघांच्या अंघोळी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोरीतून पाणी उलटं वर येतं, तेही शॉवरच्या तळाशी, कारण तो सगळ्यात खाली असतो. इलाज साधा आहे. भांडी धुण्याआधी कागदाने पुसायची, तो कागद कचऱ्यात टाकायचा आणि अंघोळ आरव्ही पार्कच्या न्हाणीघरात उरकायची. ‘नुसतं मोरीचंच तर पाणी आहे, झाडाखाली सोडू’ हा विचार मनातही आणू नका. ते बेकायदेशीर आहेच, शिवाय फोडणीच्या वासाचं पाणी तंबूच्या जागेत सोडणं म्हणजे अस्वलाला जेवायचं आमंत्रण. ते आमंत्रण तुमच्यामागून येणाऱ्या कुटुंबाच्या नावावर लागतं.

टाकीच्या काट्यावर विश्वास ठेवू नका. आमच्या गाडीचा काटा टाकी रिकामी केल्यावरही दोन तृतीयांश दाखवायचा. आत कागद चिकटला की सेन्सर फसतो. आम्ही शेवटी दिवस मोजायला लागलो.

अलास्का हायवे: गावं आहेत, पण एक लांब पट्टा आहे

१९४२ मध्ये युद्धाच्या घाईत अमेरिकी सैन्याने हा रस्ता उघडला आणि १९४८ मध्ये तो सर्वसामान्यांसाठी खुला झाला. डॉसन क्रीकच्या शून्य मैलापासून अलास्कातल्या डेल्टा जंक्शनपर्यंत आज तो सुमारे २,२३० किलोमीटर आहे. वळणं सरळ करत करत तो मूळच्यापेक्षा बराच आखूड झालाय, पण लॉज आणि कॅम्पग्राउंड अजून जुन्या मैलांनीच ओळखले जातात. लिअर्ड रिव्हर हॉट स्प्रिंग्ज म्हणजे ‘ऐतिहासिक मैल ४९६’, आणि रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या पाटीवर ७६५ च्या आसपासचा आकडा. ‘मैल अमुक’ असं कुणी सांगितलं तर आधी विचारा, जुना की नवा.

टाकीच्या दृष्टीने हा रस्ता सोपा आहे. डॉसन क्रीक, फोर्ट सेंट जॉन, फोर्ट नेल्सन, वॉटसन लेक आणि व्हाइटहॉर्स या सगळ्या गावांत आरव्ही पार्क आहेत आणि तिथे सानी-डम्प मिळतो. मुक्काम केला तर भाड्यातच, नाहीतर थोडे पैसे देऊन. डॉसन क्रीक ते फोर्ट नेल्सन ४५४ किलोमीटर, हा एका लांब दिवसाचा प्रवास.

अडचण येते त्यापुढे. फोर्ट नेल्सन ते वॉटसन लेक सुमारे सव्वापाचशे किलोमीटर, मध्ये गाव म्हणावं असं काही नाही. टोड रिव्हर, मन्चो लेक अशा ठिकाणी लॉज आणि पेट्रोल आहे. आणि नेमका हाच पट्टा सगळ्यात देखणा. समिट लेकपाशी १,२९५ मीटर उंचीची खिंड, रस्त्यावर मीठ चाटायला येणाऱ्या स्टोन मेंढ्या, मन्चो लेकचं हिरवट निळं पाणी, लिअर्डच्या आसपास रस्त्याकडेला चरणारे बायसन. हॉट स्प्रिंग्जला पोचल्यावर आई म्हणाली, ‘वज्रेश्वरीसारखंच आहे, फक्त फळ्यांवरून चालत जायचं.’ ती तिथून उठायलाच तयार नव्हती. त्यामुळे दोन रात्रींच्या ऐवजी तीन झाल्या आणि त्या तिसऱ्या रात्रीच ग्रे टाकी वर आली.

म्हणून या पट्ट्याला तीन रात्री धरा. फोर्ट नेल्सनमधून निघताना दोन्ही टाक्या पूर्ण रिकाम्या आणि चांगल्या पाण्याची पूर्ण भरलेली हवी. तिथे संध्याकाळी उशिरा पोचून सकाळी घाईने निघणारे बरेच असतात. डम्पपाशी रांग दिसते आणि लोक ‘पुढे बघू’ म्हणतात. पुढे भरवशाचं काही नाही.

कॅसियार: आखूड, अरुंद आणि हिशेबाला उलट सोपा

कॅसियारची ओळख ‘सोयी नसलेला रस्ता’ अशी करून देतात. ती अर्धीच खरी. किटवांगापासून अलास्का हायवेच्या जोडापर्यंत तो सुमारे ७२५ किलोमीटर आहे आणि प्रिन्स जॉर्जहून व्हाइटहॉर्सला जाताना त्याने जवळपास दोनशे किलोमीटर वाचतात. रस्ता आता पक्का आहे, पण अरुंद. बऱ्याच ठिकाणी कडेला साइडपट्टीच नाही आणि उत्तरेकडे मधली रेषाही गायब होते. समोरून खाणीचा ट्रक आला की मोठी गाडी चालवणाऱ्याचे हात घट्ट होतात. अस्वलं मात्र इथे जास्त दिसली, उन्हाळ्याच्या सुरुवातीला रस्त्याकडेचं कोवळं गवत खात.

सानी-डम्प इथे मोजकेच आहेत, आणि ते आरव्ही पार्क आणि लॉजकडे. डीझ लेक आणि इस्कट ही त्यातल्या त्यात मोठी ठिकाणं. पण मघाचं गणित इथे लावून बघा. ७२५ किलोमीटर म्हणजे निवांत चाललं तरी दोन किंवा तीन रात्री. स्मिथर्सला, येलोहेड (महामार्ग १६) सोडण्याआधी, टाक्या रिकाम्या करून घेतल्या तर थेट वॉटसन लेकपर्यंत मध्ये कुठेही डम्पची गरज पडत नाही. किनास्कन लेक आणि बोया लेक इथल्या प्रांतीय उद्यानांत मुक्काम करा. बोया लेकचं नाव आता ता चिला आहे. त्याचं पाणी इतकं नितळ की तळाचे दगड मोजता येतात. तिथले खड्ड्याचे संडास वापरा आणि गाडीतला फक्त रात्रीसाठी ठेवा.

हिशेब बिघडवते ती मेझियाडिनची पाटी. तिथून महामार्ग ३७ए साधारण ६५ किलोमीटर पश्चिमेला स्टुअर्टला जातो. वाटेत बेअर ग्लेशियर अगदी रस्त्यावरून दिसतो, म्हणून ‘इतकं आलोच आहोत तर’ असं वाटणारच. स्टुअर्टला एक-दोन रात्री धरल्या की तीनच्या पाच होतात. मग टाकी स्टुअर्टमध्येच रिकामी करायची, परत मुख्य रस्त्याला लागण्याआधी.

पेट्रोलचं सांगून ठेवतो. डीझ लेकला टाकी भरा. तिथून अलास्का हायवेच्या जोडापर्यंत सुमारे २३५ किलोमीटर आहेत आणि वाटेत पेट्रोल मिळेल या भरवशावर राहू नका.

युकॉनमध्ये शिरल्यावर

कुठल्याही रस्त्याने आलात तरी पुढचं सारखंच. युकॉनची सरकारी कॅम्पग्राउंड सुंदर, नदी-तळ्याकाठची, आणि भाड्यात जळणाची लाकडंसुद्धा. पण हुकअप (गाडीला पाणी, वीज, सांडपाण्याची जोडणी) नाही, शॉवर नाही, सानी-डम्प नाही. हातपंपाचं पाणी उकळून प्यायचं. म्हणून दोन रात्री सरकारी, तिसरी गावातल्या आरव्ही पार्कमध्ये, असा ठेका ठेवला की टाकी आणि माणसं दोन्ही शांत राहतात.

टाकीत टाकायचं औषध घेताना डब्यावर फॉर्मल्डिहाइड लिहिलेलं नको. इथल्या लहान गावांचा मैला उघड्या तलावात जिवाणूंच्या भरवशावर कुजतो. थंडीत ते काम आधीच संथ, त्यात हे औषध जिवाणूच मारतं. एन्झाइमवालं औषध घ्या.

डम्पवर पहिल्यांदा उभं राहणाऱ्यासाठी: आधी ब्लॅक सोडा, मग ग्रे, म्हणजे मोरीच्या साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. हातमोजे हवेतच. नळीचं तोंड खड्ड्यात नीट बसलंय का ते झडप ओढण्याआधी बघा, ओढल्यावर बघून काही उरत नाही. हे मी अनुभवाने सांगतोय, तपशील विचारू नका. आरव्ही पार्कमध्ये हुकअपला जोडलंत तरी ब्लॅकची झडप बंदच ठेवा. उघडी ठेवली की पाणी वाहून जातं आणि बाकीचं मागे ढीग करून बसतं.

डेम्पस्टर, डाल्टन आणि व्हिसा

‘मग इनुविकपर्यंतच जाऊया’ असं एक जण म्हणतोच. तिकडे जाणारा डेम्पस्टर हायवे ७४० किलोमीटर खडीचा, मध्ये दोन नद्या फेरीबोटीने ओलांडायच्या, टोकदार दगडांनी टायर फुटतात, आणि अर्ध्या वाटेवर ईगल प्लेन्स सोडलं तर लांबच लांब काही नाही. अलास्कातला डाल्टन हायवे त्याहून कडक. कोल्डफूट ते डेडहॉर्स ३८५ किलोमीटर काहीच सोय नाही, सार्वजनिक डम्पही खाली युकॉन नदी ओलांडल्यावर मैल ६० पाशी. बहुतेक भाड्याच्या करारांत हे रस्ते वर्ज्य असतात. करार वाचा. भाड्याच्या गाडीसाठी माझं उत्तर सरळ नाही असं आहे.

आई-बाबा कॅनडाच्या व्हिजिटर व्हिसावर असतील तर अलास्का विसरा, अमेरिकेचा व्हिसा वेगळा लागतो. स्टुअर्टला लागून असलेलं हायडर अमेरिकेत आहे. तिकडे जाताना अमेरिकी चौकी नाही म्हणून सहज पलीकडे पाय पडतो, पण परत येताना कॅनडाची चौकी आहे. आई-बाबांना स्टुअर्टमध्येच ठेवा, तिथेही हिमनदी आणि चहा दोन्ही आहेत.

मग कुठला?

ज्येष्ठ माणसं, लहान मुलं, पहिलीच आरव्ही फेरी: अलास्का हायवेने जा, तोच रस्ता परत घ्या आणि कंटाळा येईल ही भीती सोडा. गावं आहेत, दवाखाने आहेत, न्हाणीघरं आहेत. एक दिवस जास्त लागेल. एडमंटन-कॅलगरीकडून येणाऱ्यांना तर विचारच करायला नको, डॉसन क्रीक त्यांच्या वाटेवरच आहे.

दोघंच असाल, छोटी गाडी असेल, मोठ्या ट्रकशेजारून गाडी काढायला हात बसलेला असेल: कॅसियार. माझं मन तिकडेच आहे.

वेळ असेल तर वर जाताना अलास्का हायवे आणि येताना कॅसियार, उलट नाही. जाताना गाडी नवखी असते, टाक्यांचा अंदाज नसतो, तेव्हा गावं जवळ हवीत. येताना हात बसलेला असतो.

दोन्हींसाठी काळ मेअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. त्यानंतर रात्री पाणी गोठू लागतं, पार्क बंद होतात आणि डम्पचे नळ आधी बंद होतात. निघायच्या सकाळी ड्राइव्हबीसी आणि ५११युकॉन (रस्त्यांची स्थिती सांगणाऱ्या सरकारी साइट) बघा, कारण उन्हाळ्यात वणव्यांमुळे रस्ते बंद होतात. २०२४ च्या मे महिन्यात तर वणव्यामुळे अख्खं फोर्ट नेल्सन रिकामं करावं लागलं होतं.

आणि गाडी परत करण्याच्या आदल्या रात्री प्रिन्स जॉर्जच्या खाली कुठेतरी डम्प असलेल्या पार्कमध्येच उतरा. टाकी भरलेली गाडी परत नेली तर भाडेवाले दंड लावतात. आमच्या भाडेवाल्याने टाकी रिकामी असूनही काट्याकडे बोट दाखवून दंड मागितला होता. झडप उघडून दाखवल्यावर गप्प बसला.